बाटलीचा कायदा आणि रस्त्याचा कायदा

दारूच्या दुकानाला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'गुत्ता' म्हणतात. मूळ अर्थ बघितला तर गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सरकारकडे ठरलेली रक्कम भरायची आणि त्या बदल्यात दारू विकायचा हक्क घ्यायचा. म्हणजे गंमत बघा, दुकानाचं नाव दारूवरून पडलं नाही, पिणाऱ्यावरूनही नाही. ते पडलं सरकारशी झालेल्या व्यवहारावरून!

गेले काही दिवस याच विषयावर जुने कायदे आणि निकाल वाचत बसलोय. मी वकील नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. पण धुळे-जळगाव रस्त्याच्या कडेला आयुष्य गेलं, त्यामुळे हा विषय मला पुस्तकातला वाटत नाही. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. दीडशे वर्षं आपला कायदा बाटलीकडे बघत राहिला. ती रिकामी करून गाडीवर बसणाऱ्याकडे त्याचं लक्ष फार उशिरा गेलं.

सुरुवात करू १८७८ पासून. त्या साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्याआधी सातपुड्यातल्या आणि नंदुरबार-नवापूरकडच्या आदिवासी वस्त्यांमध्ये मोहाची फुलं वेचायची, सुकवायची आणि घरीच दारू गाळायची ही रीत होती. देवाला, लग्नाला, मयताला ती लागायचीच. कायद्याने गाळणं परवान्याखाली आणलं आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. पिणं मात्र गुन्हा नव्हतं. मक्तेदाराच्या दुकानात जाऊन कितीही प्या, सरकारची हरकत नव्हती, कारण त्यातून महसूल मिळत होता. शिक्षा होती ती कर बुडवल्याची.

दारू सोडायची हाक मात्र सरकारातून आली नाही. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये आरतीची चळवळ सुरू केली. माणसं एकमेकांना 'आप' म्हणू लागली आणि हजारोंनी दारू सोडली. ना दंड, ना कैद. महाराज १९३८ साली गेले, पण 'आप की जय' म्हणणारी घरं आजही त्या भागात आहेत.

त्याच सुमारास मुंबईत काँग्रेसचं सरकार आलं होतं आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या इलाख्यात, म्हणजे आपल्या पूर्व आणि पश्चिम खानदेशातही, पूर्ण दारूबंदी झाली. आता बाळगणं, पिणं, सगळंच गुन्हा. आमचे आजोबा त्या काळाच्या गोष्टी रंगवून सांगायचे. काळा गूळ आणि नवसागर कुठल्या नाल्यात कुजत घातलाय हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं, फक्त धाड घालणाऱ्यांना नसायचं. 'नवटाक' हे माप तर त्या काळात इतकं बदनाम झालं, की आजी तेलसुद्धा नवटाक मागायला लाजायची.

या कायद्यात पकडला गेलेला माणूस गाडी चालवत असेल तर काय व्हायचं? याचं उत्तर एका जुन्या खटल्यात आहे. तो घडला मुंबईत, पण कायदा सगळ्या इलाख्याला एकच होता, म्हणजे धुळ्याच्या कोर्टालाही तोच लागू. २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्यात एका जीपने तीन माणसांना उडवलं. जीप चालवत होते बेहराम पेसिकाका. आणि हे गृहस्थ कोण? तर मुंबई विभागाचे तेव्हाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. होय, खुद्द आरटीओ! डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला वास होता, डोळे तांबारलेले होते, पण बोलणं नीट आणि सरळ रेषेत चालणंही नीट.

आरोप दोन होते. एक, बेपर्वाईने गंभीर दुखापत केल्याचा आणि दुसरा, दारूबंदीच्या कायद्याखाली प्यायल्याचा. मॅजिस्ट्रेटने त्यांना सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं, तिथे प्यायल्याबद्दल एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. आता बघा, अपघाताच्या अवघ्या चार दिवस आधी, २५ मे १९५१ ला, त्याच न्यायालयाने बलसारा खटल्यात अल्कोहोल असलेली औषधं बंदीतून मोकळी केली होती. आणि पेसिकाकांचं म्हणणं होतं की मी औषधी टॉनिक घेतलं होतं. १९५४ साली न्यायालयाने ठरवलं, की नुसत्या वासावरून भागणार नाही, पोटात गेलेलं अल्कोहोल बंदीतलंच होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं. ते सुटले.

न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. समोर जो कायदा होता त्यावरच निकाल द्यावा लागतो. पण रस्त्यावर तीन माणसं पडलेली असताना देशातल्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालला तो कशावर, तर पोटात टॉनिक होतं की दारू यावर. माझ्या मनातून हे जातच नाही.

पुढे १९५९ साली मुंबई राज्याने कायदा दुरुस्त केला. रक्ताची तपासणी आली. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर ते बंदीतलं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. रक्तातला आकडा आपल्या कायद्यात असा शिरला. पण तोही वाहन चालवण्यासाठी नव्हे, प्यायल्याच्या गुन्ह्यासाठी.

वाहनांचा कायदा वेगळाच चालत होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात प्यायलेल्या चालकाला शिक्षा होती, पण मूळ कलमाप्रमाणे तो गाडीवर ताबा ठेवू शकत नव्हता हे सिद्ध करावं लागे. १९८८ चा नवा कायदा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. रक्तात कितीही कमी अल्कोहोल असलं तरी गुन्हा! पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग १९९४ च्या दुरुस्तीने आजचा आकडा आला, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तो ब्रेथ अ‍ॅनालायझरने मोजायचा.

नातेवाईक मंडळींना आता कळलंच असेल मी कुठे येतोय. माझा मावसभाऊ १९९२ साली पारोळ्याच्या अलीकडे, सहा नंबरच्या हायवेवर गेला. एम-८० वर होता, समोरून ट्रक आला. चालक प्यायलेला होता हे रस्त्यावर जमलेल्या प्रत्येकाने सांगितलं. कायदा कागदावर 'कितीही कमी' म्हणत होता, पण मोजायचं यंत्र कुणाकडे होतं? कागदावर आलं ते एवढंच, 'तोंडाला वास येतो, चालणे व्यवस्थित.' कुलाब्याच्या त्या खटल्यातलं डॉक्टरांचं म्हणणं वाचताना मी दचकलो ते यामुळे. मधे एकेचाळीस वर्षं गेली होती आणि वाक्य जवळपास तेच होतं.

खटला उभा राहिला भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. हे कलम १८७० साली घातलेलं, तेव्हा बैलगाड्या आणि टांगे होते. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. चालकाला सहा महिने झाले. मावशी एवढंच म्हणाली, "सहा महिने तर मला त्याचे कपडे कुणाला देऊन टाकायला लागले." त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही.

ती दोन वर्षांची मर्यादा पुढेही तशीच राहिली. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका कारखाली गेले. तेव्हा हायकोर्टाने पुढचं कलम लावलं, सदोष मनुष्यवधाचं, आणि तीन वर्षं शिक्षा दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने पिऊन चालवण्याचा दंड पहिल्या वेळी १०,००० आणि पुन्हा सापडल्यास १५,००० रुपयांपर्यंत नेला. आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कुठे निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत झाली. १८७० ते २०२४... करा हिशोब. (अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षं असंही एक पोटकलम त्यात आहे, पण जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपानंतर ते थांबवून ठेवलं गेलं. पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा आठवत असतीलच.)

आता वयाचं. माझा एकोणीस वर्षांचा भाचा परवा विचारत होता, "मामा, कायद्याने मला बियर चालते का हो?" थंडी सुरू झाली की जळगावकडे मळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात, त्याची ही तयारी. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. महाराष्ट्रात बियरला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि विदेशी किंवा देशी दारूला २५. शिवाय पिण्याचा परवाना लागतो. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, पण १९४९ चा कायदा रद्द झाला नाही. तो आजही 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने उभा आहे. म्हणून एक दिवसाचा परवाना, विदेशीला पाच रुपये आणि देशीला दोन रुपये! तो कुणी काढताना मी तरी बघितलेला नाही.

पण मंडळी, पोरांना कायदा शिकवण्याआधी आपल्याला लागू असलेला बघा. लग्नात एखादा काका हौसेने सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देतो ना? बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या कारखाली दोन तरुण इंजिनिअर गेले तेव्हा हे सगळं कायद्यात होतंच. तरी पहिल्या दिवशी जामिनाबरोबर आला तो ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे यंत्र आलं, आकडा आला, आणि वाद पुन्हा पोटात काय होतं तिथेच!

बाटलीवरची नजर अजून हटलेली नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. दोन्हीकडचा कायदा त्याच १९४९ च्या कायद्यातून आलेला. इकडे पाच रुपयांचा परवाना, आणि त्याच प्लॅटफॉर्मवर चार पावलं पुढे गेलं की बाटली बाळगणं गुन्हा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली. तो निदान रस्त्याचा विचार होता. मग २०१७ च्या उन्हाळ्यात जळगाव शहरातले काही रस्ते महापालिकेकडे सोपवण्यात आले, म्हणजे ते हायवे उरणार नाहीत आणि दुकानं वाचतील. गावात बराच गदारोळ झाला. पुढे शहरांच्या हद्दीपुरती न्यायालयानेच सूट दिली. दुकान हलवा, नाहीतर रस्त्याचं नाव हलवा... चालक जिथल्या तिथे.

एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर दुकान बंद. शेवटी त्रास ज्यांना होतो त्यांना विचारलं गेलं. हाही बाटलीचाच कायदा आहे, मान्य. पण इथे निदान मावशीसारखीला मत आहे.

असो. शिक्षा वाढवाव्यात की नाही यावर मतं वेगळी असतील. मला वाटतं शिक्षा हवीच, पण ती अपघातानंतर येते. त्याच्या आधीची दोन-चार मिनिटं कायद्याच्या हातात नसतात, ती आपल्या हातात असतात. मळ्यातून निघताना, धाब्यावर शेवभाजी खाऊन उठताना, मांडवाबाहेर गाड्या निघताना. कुणी काय घेतलं, किती घेतलं, बियर होती की दुसरं काही, हे विचारत बसू नका. किल्ली कुणाच्या हातात आहे तेवढं बघा. आणि ती मागायला लाजू नका, मग समोर वयाने मोठा का असेना. आमच्या घरात आता हा रिवाज झालाय, कुणी रुसत नाही.