वेण्णेच्या उताराने

खिशातल्या फोनला हात लावू नका, इथे त्याचा उपयोग नाही. १८४२ साल आहे, मे महिना सरत आलाय आणि तुम्ही माल्कम पेठेत उभे आहात. महाबळेश्वर म्हणजे अजून देवळाजवळचं जुनं गाव. साहेबलोकांच्या या नव्या वस्तीला गव्हर्नर माल्कमचं नाव दिलंय. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा कंपनी सरकारला दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा घेतलं. त्यांचं राज्यही पुढे फार टिकलं नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं आणि धाकटे भाऊ अप्पासाहेब गादीवर आले. खाली खोलगटात माणसं माती उपसताना दिसतात ना, ते अप्पासाहेबांचं तळं. वेण्णा लेक म्हणून तुम्ही त्यात होडी फिरवलीय आणि काठावर उभं राहून कणीस खाल्लंय.

तांबड्या वाटेने पुढे चला. वाटेत कॅथलिकांचं होली क्रॉस चर्च लागेल, १८३१ चं. तिथे आज थांबायचं नाही. आपल्याला जायचंय अमेरिकन मिशनच्या एका पाद्र्याच्या बंगल्यावर. ओळखू येईलच, गडी त्याच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधतायत. पावसाळ्यात इथे सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडी ठेवली तर भिंत चार महिन्यांत ओल पिऊन फुगते. पहिला जोराचा पाऊस आला की साहेब, मडमा, वाणी, धोबी सगळे डोंगर उतरतात.

ओसरीवर बसलेले, अंगाने खंगलेले गृहस्थ म्हणजे ॲलन ग्रेव्हज. १८१८ मध्ये मुंबईत उतरले, माहीमला राहिले, तिथेच मराठीत बोलू-लिहू लागले. १८२६ मध्ये अमेरिकन मिशनने मराठी नवा करार छापला, त्यावर राबलेल्या मंडळींपैकी हे एक. आता प्रकृती साथ देत नाही म्हणून डोंगरावर. त्यांना सलाम करा. आपल्या मंडळीत अजून तोच करतात. पण रेंगाळू नका, कारण बघण्यासारखं आहे ते पलीकडच्या पडवीत.

तिथे त्यांच्या पत्नी मेरी ग्रेव्हज यांची मुलींची शाळा भरलीय. १८३४ मध्ये ती सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या मिशनच्या कामाचा आरंभ हाच, देऊळ नंतर आलं. खाली बसा, मुलींच्या मागे. प्रत्येकीपुढे धूळपाटी आहे. पाटीवर पसरायला इथे वेगळी धूळ आणावी लागत नाही, अंगणातली जांभ्याची तांबडी माती चाळली की झालं. तुमच्या पुढची पोर आठ-नऊ वर्षांची असेल. उजव्या हाताच्या बोटाने ती ‘बा’ काढते, मग ‘प’. कान्याची रेघ वाकडी गेली म्हणून तळहात फिरवून पाटी कोरी करते आणि पुन्हा काढते. बोट रंगलंय, परकराच्या काठाला तांबडा पट्टा उमटलाय. आज घरी आई त्या पट्ट्यावरून बोलणार, हे तिच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसतंय. पाटी पुन्हा कोरी होते. ती पुन्हा काढते.

शास्त्राचं वाचन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते काळ्या पुठ्ठ्याचं, लाल कडांचं, रेशमी फीत घातलेलं पुस्तक. इथे ते वाऱ्याच्या झुळुकीसरशी उडून जाणारं आहे. मला स्वतःला हीच पाटी जास्त खरी वाटते. सकाळी वाचलेला अध्याय दुपारपर्यंत किती उरतो, ते तुम्हालाही ठाऊक आहे. जानेवारीत मोठ्या उमेदीने उत्पत्तीपासून सुरुवात करायची, योसेफाच्या गोष्टीपर्यंत धावत जायचं, आणि फेब्रुवारीत लेवीयच्या होमार्पणांत पाय रुतवून बसायचं. आपल्यातल्या निम्म्या घरांत फीत वर्षानुवर्षं तिथेच अडकलेली असते. या पोरीला तेवढीही चैन नाही. तिला आज शिकलेलं उद्या पुन्हा धुळीत काढूनच दाखवावं लागतं.

आता सगळ्या उभ्या राहतात. प्रभूची प्रार्थना होते, एकसुरात, पाढे म्हणावेत तशी. शेवटी तुमच्या तोंडून सवयीने ‘आमेन’ निघतं, सगळ्यांच्या आधी आणि जरा मोठ्याने. मुली मागे वळून बघतात, एक हसते. ही अनोळखी व्यक्ती कोण, आणि हिला आपली प्रार्थना पाठ कशी?

या मुलींचा विश्वास केवढा, ते मात्र मी सांगणार नाही. कोणी धर्मासाठी आली असेल असं मला वाटत नाही. अक्षरासाठी आली असेल, कपड्यासाठी, किंवा आई बंगल्यावर कामाला येते म्हणून. पेठेत कुजबूज आहेच की मडम पोरी बाटवणार. ती निराधार आहे असंही म्हणता येत नाही. माणसं ख्रिस्ती व्हावीत याचसाठी हे लोक अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून आलेत. आणि हा डोंगर तरी मोकळा कुठे होता? थोडं पलीकडे जुन्या महाबळेश्वरात गुरवाची सकाळची पूजा कधीच आटोपलीय. पंचगंगेच्या कुंडातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री निघतात अशी श्रद्धा आहे, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी ओंजळीत घेत आलेत. नेमाने उठून देवापुढे बसणं या डोंगराला कोणा पाद्र्याने शिकवलं नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून हे लिहिताना मला कसंनुसं होत नाही, उलट हलकं वाटतं.

चला, आभाळ भरलंय.

जून उजाडला आणि शाळा निघाली. हो, अख्खी शाळा. थंडीत आणि पावसाळ्यात ती डोंगरावर भरत नाही, खाली मेढ्याला भरते. दर वर्षी पाट्या, पुस्तकं, पेट्या, भांडी सगळं बांधायचं आणि केळघरच्या अंगाने उतरायचं. एक गाठोडं तुम्हीही उचला, नुसतं बघत चालणं शोभत नाही. वर मेणकापड आहे, तरी पुस्तकांची कड भिजतेच. डाव्या-उजव्या हाताला कारवी माजलीय, पायाखाली चिखल, आणि धुक्यात पुढच्या हमालाचं घोंगडं तेवढं दिसतंय. खाली कुठेतरी वेण्णेचा आवाज येतो.

महाबळेश्वर-पाचगणीला आजही मंडळ्यांची शिबिरं भरतात. पहाटेचं ध्यान, दरीवरची प्रार्थना, कोणाला रडू येतं, कोणी आयुष्य नव्याने वाहून देतं. मीही तशी वाहून दिलेली आयुष्यं पाहिलीत. पसरणीचा घाट उतरून वाई येईपर्यंत त्यांतली बरीचशी पुन्हा ज्याच्या त्याच्या ताब्यात आलेली असतात. दोष डोंगराचा नाही. आपण तिथून फक्त अनुभव घेऊन उतरतो, पेट्या उतरवत नाही. गाठोड्यातल्या त्या भिजक्या पुस्तकांचं वजन खांद्याला जाणवतंय ना? एकशे एकविसाव्या स्तोत्रात यात्रेकरू डोंगरांकडे नजर लावतो आणि विचारतो की साहाय्य कुठून येणार. उत्तरात तो डोंगराचं नाव घेत नाही. डोंगर ज्याने केले त्याचं घेतो. घाटात हे स्तोत्र आठवलं तर मान वर करू नका, घसराल.

मेढ्यात पोहोचलात. इथे काही भव्य नाही. गळकं छप्पर, चुलीचा धूर, ओल्या सरपणाचा वास, आणि तोच धडा. मला मेढं आवडतं ते यासाठीच. डोंगरावरचं ख्रिस्तीपण साहेबाच्या हवापालटाच्या सावलीत होतं. इथे ते शेजाऱ्याच्या गोठ्याला लागून आहे. पावसाने चार दिवस कोणी आलं नाही तरी पाचव्या दिवशी जो धडा राहिला होता तोच पुढे सुरू होतो.

पान उलटा. ३० डिसेंबर १८४३, ॲलन ग्रेव्हज वारले. मी तुम्हाला मुद्दाम त्या खोलीत नेत नाही. मृत्युशय्येची वर्णनं मिशनच्या जुन्या कागदांत पुष्कळ असतात आणि सगळी एकाच साच्यातली, त्यांत प्रत्येक जण शांत चेहऱ्याने आणि वचन ओठांवर ठेवून जातो. खरं कसं गेलं ते देव जाणे. तुम्ही थोडं पुढे या, विधवेच्या साध्यासुध्या एखाद्या सकाळी. पंचवीस वर्षांच्या सहवासानंतर टेबलाच्या एका बाजूची खुर्ची रिकामी आहे. शास्त्रपाठ कोणी वाचायचा? आजवर ते वाचत. अशा वेळी शब्द तोंडात लाकडासारखे होतात, प्रार्थना छताला लागून खाली पडते, आणि विश्वास म्हणून जे काही असतं ते जाणवेनासं होतं. आपल्यापैकी ज्यांच्या घरातून माणूस गेलंय त्यांना ही सकाळ वेगळी सांगायला नको. पुस्तक तरीही उघडायचं असतं. मन लागत नाही हे देवालाच तोंडावर सांगायचं असतं. स्तोत्रकर्त्यांनी ते किती वेळा आणि किती कडक शब्दांत सांगितलंय! तक्रारीची स्तोत्रं पोथीत ठेवण्याइतका आपला देव मोठ्या मनाचा आहे, ही माझी तरी सगळ्यात मोठी ठेव.

मेरी ग्रेव्हज अमेरिकेला परतल्या नाहीत. शाळा वर जात राहिली, खाली येत राहिली. १८४९ मध्ये मिशनने साताऱ्यात कायमचं बिऱ्हाड केलं, तेव्हा ही वरखाली थांबली.

आता वेण्णेच्या काठाने चालायचं. या वाटेवर वर्षं भराभर जातात. साताऱ्याचं राज्य खालसा झालं. सत्तावनचा धुरळा उठला आणि बसला. शहात्तर-सत्त्याहत्तरचा दुष्काळ येऊन गेला, आगगाडी आली, प्लेग आला. अजिंक्यतारा दिसू लागला की सावकाश व्हा. नदी पुढे माहुलीला कृष्णेला मिळेल. आपण गावात वळायचं. साल १९१७.

दारातूनच टाळांचा आवाज येतोय. चपला बाहेर काढा आणि घोंगडीवर जागा मिळेल तिथे टेका. समोर दाढीवाले गृहस्थ डोळे मिटून बसलेत, ते नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मग वर्षानुवर्षं अमेरिकन मिशनच्या कामात, ‘ज्ञानोदय’ पत्रात, अहमदनगरात. यंदा मिशनची बांधलेली नोकरी सोडून साताऱ्यात आलेत आणि ‘देवाचा दरबार’ मांडलाय. या दरबारात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला एकाच सतरंजीवर बसतो, दोघांचा गुरू ख्रिस्त. मिशनच्या बऱ्याच मंडळींना हे रुचलेलं नाही. बाप्तिस्म्याविना शिष्य कसला, हा त्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. कुंपण नसलेली बाग गुरं खातात. तरी मला वाटतं, टिळकांना मुद्दा सापडला होता. ज्याला येशू आवडलाय पण जातगोत सोडवत नाही, अशा माणसाने रोज संध्याकाळी बसायचं तरी कुठे?

भजन ऐका. अभंगच आहे, चाल ओळखीची, हात आपोआप टाळी धरतात. ‘उपासना संगीत’ उघडून तुम्ही दर रविवारी टिळकांची गीतं म्हणता, तेव्हा ती छापील आणि जुनी वाटतात. इथे ती ओली आहेत. माल्कम पेठेच्या पडवीत पाढ्यांच्या सुरात म्हटलेली प्रार्थना या घरात वारकऱ्याच्या ठेक्यावर आली, याला पाऊण शतक लागलं. मधल्या काळात कितीतरी जणांनी अमेरिकन चालींत मराठी शब्द कसेबसे बसवून देवाची स्तुती केली, आणि देवाने तीही ऐकली असणार. पण गळ्याला सुटल्यासारखं झालं ते टिळकांच्या पिढीत.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आतबाहेर करतायत. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणार त्या ह्याच, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्याच तडीला नेणार. १९१९ च्या मे महिन्यात टिळक जातील, हे तुम्हाला माहीत आहे, इथे कोणालाच नाही. सांगू नका. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघा. नवऱ्याने बांधलेला पगार सोडलाय, दार सगळ्यांना उघडं ठेवलंय, आणि भजनाला आलेल्यांतले किती जेवायला थांबतील याचा अदमास एका बाईच्या नजरेत चाललाय. टिळकांच्या दानशूरपणाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. खर्चाची तोंडमिळवणी कोणी केली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक असतं. माझ्या लेखी त्या घरातली अर्धी उपासना डब्यातल्या पिठाशी चालली होती.

भजन संपलं. शेजारचा माणूस तुमच्याकडे वळतो. धोतर, कोट, कपाळावर गंधाची फिकट खूण. बाप्तिस्मा झालाय की नाही, असं तो विचारत नाही. कुठून आलात म्हणतो. वरून, महाबळेश्वराहून, तुम्ही सांगता. हवा काय म्हणते, विचारतो. मग तुम्ही विचारता की उद्या सकाळची प्रार्थना किती वाजता.

“उजाडायच्या आधी,” तो म्हणतो. “पण त्याहून थोडं अगोदर या. पाणी भरायचं असतं, आणि हात कमी आहेत.”