शिकारी ससाण्याचे उड्डाणसाहित्य

पाळीव ससाणा वा शिक्रा शिकारीवर सोडताना त्याच्या अंगावर अत्यावश्यक तेवढेच साहित्य असावे. डोळ्यांवरची टोपी, लांब दोरी व फिरती कडी उड्डाणापूर्वी काढतातच. खरा प्रश्न पायांतील चामडी पट्ट्या, घुंगरू आणि रेडिओ किंवा जीपीएस प्रेषक यांचा आहे. वजनासाठी देहभाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा सर्रास सांगितली जाते. ९०० ग्रॅमच्या बहिरी ससाण्याच्या मादीला ती २७ ग्रॅम पडते, तर १५० ग्रॅमच्या शिक्र्याला जेमतेम साडेचार. म्हणजे मोठ्या पक्ष्याला न जाणवणारा प्रेषक शिक्र्याला जड ठरतो.

पक्षी जड भक्ष्यही उचलतो, मग चार ग्रॅमांचे काय, असा आक्षेप घेतला जातो. पण भक्ष्य तो थोडाच वेळ वाहतो. साहित्य मात्र प्रत्येक झेपेत सोबत असते आणि हवेचा अडथळाही वाढवते. शिवाय केवळ वजन पाहून भागत नाही. दोरी ओवण्यासाठी चीर दिलेली पट्टी काटेरी फांदीत अडकली, तर पक्षी उलटा लटकून मरू शकतो; म्हणून उड्डाणासाठी बिनचिरेची पट्टी वापरतात. शेपटीला लावलेला प्रेषक पिसासह निखळू शकतो. पाठीवरचा गुरुत्वमध्याजवळ राहतो, पण त्याचे पट्टे चुकीचे बसले तर कातडी सोलवटते.

सगळेच काढून टाकावे, हे मतही टिकत नाही: हरवलेला पक्षी शोधायला प्रेषकच लागतो. घुंगरू जवळच्या झाडीत उपयोगी. दूर गेलेल्या ससाण्यासाठी निरुपयोगी.