एका नामाखालील अनेक व्याधी : खानदेशातील ‘कावीळ’ व सहसंसर्गाची चिकित्सा

‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’ या शब्दापासून आलेला आहे. स्वरमध्यस्थ ‘म’काराचा ‘व’कार होणे ही ‘ग्राम–गाव’, ‘नाम–नाव’ या रूपांतही आढळणारी परिचित प्रक्रिया होय. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकरणात कामलेचे विवेचन असून डोळे, त्वचा व नखे पिवळी होणे हे तिचे लक्षण सांगितले आहे. अर्थात हे नाव मुळात लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे. जळगाव-धुळ्याकडेही उर्वरित महाराष्ट्राप्रमाणे कावीळ ‘उतरते’ वा ‘उतरवली जाते’. पिवळेपणा ओसरला की रोग गेला, ही समजूत या क्रियापदातच सामावलेली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एका नामाचे विघटन झाले. ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये वर्णिलेला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ पुढे ‘बी’ विषाणूचा घटक ठरला. ‘बी’च्या आश्रयानेच वाढणारा ‘डेल्टा’ १९७७ मध्ये, तर ‘सी’ १९८९ मध्ये ज्ञात झाला. दूषित पाण्यातून पसरणारे ‘ए’ व ‘ई’ प्रायः काही आठवड्यांत ओसरतात. उलट ‘बी’ व ‘सी’ रक्तावाटे शिरतात आणि शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतात; त्या काळात पिवळेपणा बहुधा दिसतच नाही. म्हणून ‘कावीळ झाली होती काय?’ या वैद्याच्या प्रश्नाला मिळणारे नकारार्थी उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरते.

एका देहात दोन विषाणू असतील तेव्हा या संदिग्धतेचे मोल अधिक पडते. भारतात एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. त्या वेळच्या मिश्रणांतील लॅमिव्हुडिन हे औषध ‘बी’वरही चालते, परंतु ते एकटेच पडल्यास ‘बी’ विषाणू त्याला जुमानेनासा होतो. सहसंसर्ग झालेल्यांत चार वर्षांत हे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. दोन्ही विषाणूंवर परिणामकारक असलेले टेनोफोव्हिर पुढे नेहमीच्या मिश्रणात आल्यावर ही उणीव भरून निघाली. मात्र बरे वाटते म्हणून गोळ्या थांबविल्यास दबलेला ‘बी’ यकृतावर पुन्हा उसळतो. ‘उतरली’ ही भाषा येथे घातक ठरते.

‘सी’ची कथा निराळी आहे. सोफोसबुव्हिर व त्याच्या जोडीची औषधे बहुतेक रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांत ‘सी’चे निर्मूलन करतात. तथापि ‘सी’ नाहीसा होताच सोबतचा ‘बी’ जागृत होऊ शकतो, असा गंभीर इशारा २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने दिला. म्हणून उपचारापूर्वी ‘बी’ची तपासणी आवश्यक मानली जाते.

धुळ्यास १९८८ मध्ये व जळगावास २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. २८ जुलै २०१८ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ‘बी’ व ‘सी’ची तपासणी आणि औषधे जिल्ह्यापर्यंत विनामूल्य नेण्याची योजना आखली. औषधांची वाट अशी मोकळी होत गेली, तरी तपासणीच्या खोलीत रुग्ण जो शब्द घेऊन येतो तो अद्याप जुनाच आहे. त्या शब्दाचा त्याग करण्याचे कारण नाही. कोणती कावीळ, आणि एकच की दोन, एवढे त्यापुढे विचारले गेले पाहिजे.