गीतचित्रफितीचा दिग्दर्शक व तिचा प्रेक्षक : १९८१ ते १९८३ या कालखंडाच्या संदर्भात

गीतचित्रफीत, म्हणजे व्यवहारात जिला ‘म्यूझिक व्हिडिओ’ म्हणतात ती, निर्माण करण्यापूर्वी निर्मात्याने दोन गोष्टींचा शोध घ्यावा असा त्या व्यवसायातील रूढ संकेत आहे. कोणत्या दिग्दर्शकाची शैली या गीतास मानवेल, हा पहिला शोध. ही फीत कोणासाठी करावयाची, हा दुसरा. दोन्ही शोध एकाच जातीचे असावेत अशा रीतीने ते एका दमात सांगितले जातात. इतिहास पाहू गेल्यास मात्र त्यांच्यातील भेद ठळकपणे नजरेस येतो. दिग्दर्शकाची शैली पारखावयाची झाल्यास त्याच्या पूर्वीच्या कृती डोळ्यांसमोर ठेवता येतात. प्रेक्षक असा समोर ठेवता येत नाही. त्याची कल्पना अनुमानाने करावी लागते, आणि अनुमान करणाराचे हितसंबंध व पूर्वग्रह त्या अनुमानात शिरल्यावाचून राहत नाहीत. अमेरिकेत १९८१ ते १९८३ या अवघ्या दोन-अडीच वर्षांत जे घडले ते या दृष्टीने तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता असे म्हणावयास हरकत नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीताची फीत नोव्हेंबर १९७५ मध्ये एल्स्ट्री येथील चित्रशाळेत ब्रूस गोवर्स यांच्या दिग्दर्शनाखाली सुमारे चार तासांत चित्रित झाली. वाद्यवृंद दौऱ्यावर असावयाचा, आणि बी.बी.सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात तर गीत दिसले पाहिजे, एवढीच तिच्यामागील निकड. प्रेक्षक कोण, हे कार्यक्रमानेच ठरवून दिलेले होते. तो कार्यक्रम पाहणारे घर, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सारेच, तिचा प्रेक्षक. ब्रिटनमध्ये अशा फिती करण्याची प्रथा त्यानंतर चांगलीच रुजली, आणि रसेल मल्केही, डेव्हिड मॅलेट, स्टीव्ह बॅरन अशा दिग्दर्शकांची एक पिढी तीवर वाढली. या प्रथेचे महत्त्व पुढे अमेरिकेत, अगदी अनपेक्षित रीतीने, प्रत्ययास आले.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एम.टी.व्ही. ही केवळ गीतचित्रफितींस वाहिलेली वाहिनी सुरू झाली. पहिली दाखविलेली फीत ‘बगल्स’ यांची, मल्केही यांनी १९७९ मध्ये दिग्दर्शित केलेली. वाहिनीच्या उभारणीत रॉबर्ट पिटमन यांचा वाटा मोठा होता, आणि ते रेडिओच्या धंद्यातून आलेले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. अमेरिकन रेडिओने १९७० च्या दशकात श्रोत्यांचे काटेकोर विभाग पाडले होते. एका केंद्रावर तरुण गोऱ्या श्रोत्यांचे रॉक संगीत, दुसऱ्यावर कृष्णवर्णीयांचे संगीत, तिसऱ्यावर प्रौढांसाठी सौम्य गाणी. जाहिरातदारास नेमका गिऱ्हाईक हवा असे, आणि केंद्र तो त्यास नेमका पुरवीत असे. एम.टी.व्ही.ने हीच विभागणी दूरचित्रवाणीवर आणली. तरुणवर्गाची आगाऊ पाहणी झाली होती, आणि रॉक ऐकणारा तरुण हाच आपला प्रेक्षक असे वाहिनीने ठरविले होते.

येथे एक भौतिक कारण ध्यानात घेतले पाहिजे. या विषयावरील चर्चेत त्याचा उल्लेख होतो, परंतु त्यास पुरेसे वजन दिले जात नाही. वाहिनी केबलवरून दिसे, आणि १९८१ मध्ये केबलची तार मोठ्या शहरांच्या अंतर्भागात फारशी पोहोचली नव्हती. ती उपनगरांत व मध्यपश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील लहान गावांत आधी गेली होती. न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात राहून जे लोक ही वाहिनी चालवीत होते त्यांस ती आपल्या घरी दिसत नव्हती. उद्घाटनाचा क्षण पाहण्यासाठी त्यांना नदीपलीकडे न्यूजर्सीतील फोर्ट ली गाठावे लागले. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने राहत त्या तारेच्या बाहेर होत्या. तेव्हा ‘आमचा प्रेक्षक गोरा आहे’ या विधानात काही तथ्य अवश्य होते. परंतु ते तथ्य आवडीनिवडीविषयीचे नव्हते. तार कोठे टाकली गेली एवढेच ते सांगत होते. तारेचा नकाशा हाच रुचीचा नकाशा मानला गेला, आणि पुढील अन्याय बव्हंशी या गोंधळातून उपजला असे माझे मत आहे.

अन्याय हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. रिक जेम्स या लोकप्रिय कृष्णवर्णीय गायकाची फीत वाहिनीने नाकारली, आणि त्याने या धोरणावर उघड टीका केली. १९८३ च्या आरंभी डेव्हिड बोवी या गायकाने, वाहिनीवरच चाललेल्या मुलाखतीत, मुलाखतकार मार्क गुडमन यांस उलट प्रश्न केला की कृष्णवर्णीय कलावंत येथे इतके थोडे का दिसतात. गुडमन यांच्या उत्तराचा आशय असा की वाहिनीस केवळ न्यूयॉर्क व लॉस एंजलिसचा नव्हे, तर लहान गावांतील प्रेक्षकांचाही विचार करावा लागतो, आणि त्यांना काय रुचेल न रुचेल हे पाहावे लागते. हे उत्तर प्रामाणिकपणे दिलेले होते, म्हणूनच ते मोलाचे आहे. कोणी वाईट हेतू न धरताही ‘लक्ष्य प्रेक्षक’ ही संकल्पना कशी काम करते, ते त्यावरून कळते. एक दंतकथा मात्र येथे बाजूस सारली पाहिजे. मायकेल जॅक्सन हा या वाहिनीवरील पहिला कृष्णवर्णीय कलावंत असे वारंवार लिहिले जाते. ते खरे नाही. ‘म्युझिकल यूथ’ यांच्यासारख्या काहींच्या फिती त्याआधी दिसलेल्या होत्या. प्रश्न संपूर्ण बंदीचा नव्हता, अत्यल्प प्रमाणाचा होता.

जॅक्सन याचा ‘थ्रिलर’ हा गीतसंग्रह नोव्हेंबर १९८२ अखेर प्रसिद्ध झाला. त्यातील तीन गीतांच्या फितींसाठी तीन दिग्दर्शक निवडले गेले, आणि तिघेही तीन वेगळ्या क्षेत्रांतले. ‘बिली जीन’साठी स्टीव्ह बॅरन आले. ‘ह्यूमन लीग’साठी त्यांनी १९८१ मध्ये केलेली, चित्रपटात चित्रपट अशी रचना असलेली फीत जॅक्सनला भावली होती. ‘बीट इट’साठी न्यूयॉर्कचे जाहिरातपटकार बॉब जिराल्डी आले, त्यांनी रस्त्यावरील टोळ्यांचे खरेखुरे सभासद व्यावसायिक नर्तकांच्या जोडीस उभे केले, आणि मायकेल पीटर्स यांनी नृत्य बसविले. ‘थ्रिलर’साठी तर चित्रपट-दिग्दर्शक जॉन लँडिस यांस पाचारण झाले, कारण त्यांचा १९८१ चा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ जॅक्सनने पाहिला होता व माणसाचा पशू होताना त्याला पडद्यावर दिसावयाचे होते. त्या चित्रपटाचे रंगभूषाकार रिक बेकर हेही सोबत आले. तिन्ही वेळी रीत एकच : आधी कृती पाहावयाची, मग कर्त्यास बोलवावयाचे. शैलीचे संशोधन म्हणावयाचे ते हेच, आणि त्यात कोणत्याही पाहणीचा वा आकडेवारीचा संबंध नव्हता.

‘बिली जीन’ वाहिनीवर मार्च १९८३ मध्ये आली. ती कशी आली याविषयी साक्षी परस्परविरोधी आहेत. सी.बी.एस. रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी पुढे सांगितले, की आपण आपल्या कंपनीच्या साऱ्या फिती काढून घेण्याची धमकी दिली होती. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी हे नाकारले. फीत पाहताच आवडली म्हणून घेतली, असे त्यांचे म्हणणे. दोघांच्याही साक्षी पश्चात दिलेल्या व दोघांचेही हित त्यांत गुंतलेले, म्हणून अभ्यासकाने त्यांतील कोणतीही एक निःशंकपणे स्वीकारू नये. निकाल एका तारखेवरून पुष्कळसा लागतो. हे गीत ५ मार्च १९८३ च्या बिलबोर्ड यादीत अग्रस्थानी पोहोचले होते. रेडिओवर व दुकानांत ते जानेवारीपासून चढत आले होते. म्हणजे ज्या प्रेक्षकास ते मानवणार नाही असे गृहीत धरले गेले, त्याने ते आधीच विकत घेतले होते. पाहणीने काढलेले चित्र आणि दुकानातील हिशेब यांत हा विसंवाद होता, आणि हिशेब खरा ठरला.

‘थ्रिलर’ची सुमारे १४ मिनिटांची फीत २ डिसेंबर १९८३ रोजी प्रथम दाखविली गेली. तिचा खर्च भागविण्याची युक्ती लक्षणीय आहे. फीत कशी घडली याचा एक माहितीपट करून त्याचे हक्क एम.टी.व्ही. व शोटाइम या वाहिन्यांस विकण्यात आले, आणि पुढे दोहोंची मिळून कॅसेट बाजारात आली. दूरचित्रवाणीवर ती फुकट पाहणारा, वर्गणी भरणारा व कॅसेट घेऊन घरी ठेवणारा, असे तीन प्रेक्षक एकाच कृतीने उभे केले. आणखी एक प्रेक्षक मात्र कोणत्याही हिशेबात नव्हता. जॅक्सन त्या वेळी ‘जेहोवाज् विटनेसेस’ या पंथाचा अनुयायी होता. भुताखेतांच्या या कथेने स्वपंथीय दुखावतील म्हणून, आपला अशा विद्यांवर विश्वास नाही अशा आशयाचे निवेदन फितीच्या आरंभी घालावे लागले.

या कालखंडावरील ग्रंथांत ॲन कॅप्लन यांचा १९८७ चा ग्रंथ बहुचर्चित आहे. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप, की चित्राचे विवेचन करताना संगीताकडेच दुर्लक्ष झाले, मला ग्राह्य वाटतो. परंतु आपल्या विषयास अधिक उपकारक लिसा लुइस यांचा १९९० चा ग्रंथ होय. आरंभीच्या फिती पौगंडावस्थेतील मुलग्यास उद्देशून रचल्या जात, आणि १९८३ पासून सिंडी लॉपर आदी गायिकांनी मुलींस उद्देशणारी दृश्यभाषा घडविली, असे त्यांनी दाखवून दिले. अडचण एवढीच, की दिग्दर्शकाचे नाव फितीवर देण्याची प्रथा एम.टी.व्ही.ने १९९२ अखेरीस सुरू केली. त्यापूर्वीच्या फितींचे कर्तृत्व बाहेरच्या पुराव्याने सिद्ध करावे लागते.

लक्ष्य प्रेक्षक आधी ठरविण्याच्या याच रीतीची परीक्षा पुढे आपल्याकडेही झाली. १९९१ मध्ये हाँगकाँगहून प्रक्षेपित होणाऱ्या स्टार वाहिनीसमूहाबरोबर एम.टी.व्ही. भारतात आली ती इंग्रजी गाणी घेऊन. इंग्रजी जाणणारा शहरी तरुण हा तिचा गृहीत प्रेक्षक. १९९४ मध्ये ती त्या समूहातून बाहेर पडली व तिची जागा चॅनल व्ही.ने घेतली. १९९६ मध्ये ती स्वतंत्रपणे परतली, तेव्हा लवकरच तिला हिंदी चित्रपटगीतांकडे वळावे लागले. मुंबई दूरदर्शनच्या ‘छायागीता’ने येथल्या घराघरांत पडद्यावरील गाणे पाहण्याची सवय १९७० च्या दशकापासूनच लावलेली होती, ती कोणा पाहणीकाराने विचारात घेतली नव्हती. मधल्या काळात, १९९५ मध्ये, अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ची फीत केन घोष यांनी केली. राजवाडा, स्वयंवरासारखा थाट, आणि मिलिंद सोमण. मांडणी सरळ हिंदी चित्रपटाच्या वळणाची, गीत मात्र चित्रपटाबाहेरचे. लँडिस चित्रपटाकडून फितीकडे आले होते; घोष यांनी उलट वाट धरली, आणि २००३ मध्ये त्यांचा ‘इश्क विश्क’ हा चित्रपट प्रदर्शित झाला.