आरशाची दुर्बीण आणि तिचे धनी

'श्पीगेलऑप्टिक' हा जर्मन शब्द वाचून लोह्याच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'श्पीगेल' म्हणजे आरसा. आरशांनी प्रकाश गोळा करण्याची विद्या, एवढाच त्याचा अर्थ.

भिंगातून प्रकाश आरपार जाताना त्याचे रंग फुटतात आणि ताऱ्याभोवती झालर दिसते. आरशावरून प्रकाश नुसता परततो, म्हणून तो दोष टळतो. न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली ती याचसाठी. पण तांबे व कथील यांचा तो आरसा लवकर मळे, आणि घासून उजळावा तर आकार बिघडे. १८५६ साली म्युनिकच्या श्टाइनहाइलने काचेवर चांदीचा मुलामा दिला. मुलामा काळवंडला की धुऊन नवा चढवावा, काचेची घडण शाबूत राहते. (आपल्या घरच्या आरशात मुलामा काचेच्या पाठीमागे असतो, दुर्बिणीत तो पुढे.) मात्र असा आरसा सतत निगा मागतो, त्याला जाणता धनी लागतो.

पुण्याला तो लाभला. १८८२ साली भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८ साली कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबने केलेली तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण टिपायला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पण १९१२ साली ते निवृत्त झाले, आणि वेधशाळाच मोडली! दुर्बीण कोडाईकनालला गेली. इतक्या मोठ्या पुण्यात दुसरा माणूस तयार करण्याचे कोणाला सुचू नये, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

आता आपल्या हैदराबादकडे पाहा. लोहा तेव्हा त्याच संस्थानात होते. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली ग्रबचीच पंधरा इंची दुर्बीण घेतली, ती भिंगाची. नवाब १९०७ मध्ये वारले. पण पुढच्याच वर्षी निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. नांदेड-लातूरच्या शेतसाऱ्याचा पैसाही त्याच खजिन्यात पडत होता, तेव्हा त्या कामात आपल्या वाडवडिलांचा वाटा होताच. साऱ्या आकाशाचा छायाचित्र-नकाशा करण्याच्या जागतिक कामात या वेधशाळेने नेमून दिलेला पट्टा पुरा केला. शिवाय जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या वाट्याचे राहिलेले काही कामही उचलले. १९१९ साली ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. त्याच विद्यापीठाने १९६८ साली जपाल-रंगापूरला अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसवली, आणि ती आरशाची होती.