बूस्टरवाला जुना अँटेना सापडला, पण खालचा डबा हरवलाय? मग हे वाचा

पत्र्यावर, गोठ्याच्या माळ्यावर नाहीतर भंगाराच्या ढिगात दूरदर्शनच्या काळातला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना अजूनही सापडतो. प्रक्षेपण केंद्र लांब असलेल्या गावांत त्याला बूस्टर लावलेला असायचा. काड्यांपाशी प्लास्टिकची एक डबी, आणि खाली टीव्हीजवळ तिला वीज देणारा छोटा डबा. वरची डबी जागेवर असते, खालचा डबा मात्र हमखास गायब.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. त्यावर पुन्हा दूरदर्शन बघायचं मनात असेल तर विषय सोडा. प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत जुनी ॲनालॉग केंद्रं बंद करायचं ठरवलं, मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० तेवढी ठेवली. या अँटेनाचा खरा उपयोग आता एफएम रेडिओला. आकाशवाणी बीड १०२.९ वर, सातारा १०३.१ वर लागतं. माण तालुक्यात म्हसवडचं माणदेशी तरंग ९०.४ वर आहे. अशा सामुदायिक केंद्रांची ताकद मुळातच कमी ठेवलेली असते. त्यामुळे दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्तीत, टेकडीआड, खिशातला रेडिओ खरखर करतो आणि बाहेरचा अँटेना लावला की बोलायला लागतो.

आता बूस्टरचं. पुष्कळांना वाटतं, वीज नसली तर बूस्टर नुसता वाढवणार नाही, सिग्नल आहे तसा खाली येईल. तसं होत नाही. वीज नसलेला बूस्टर वाटेत बसलेल्या म्हशीसारखा असतो, आलेला सिग्नलही बराचसा अडवतो. एकाच केबलमधून दोन कामं चालतात: खालून वर डीसी वीज जाते आणि वरून खाली सिग्नल येतो. हरवलेला डबा ही दोन कामं वेगळी ठेवायचा.

म्हणून पहिला सल्ला, आणि आमच्या मते बहुतेकांना एवढाच पुरेल: बूस्टर काढून टाका. केंद्र जवळ असेल तर बूस्टरने उलट घोटाळा होतो, एकच स्टेशन चार ठिकाणी ऐकू येतं. त्यात टीव्हीच्या काड्यांचं माप एफएमला जुळत नाही. वरच्या चॅनेलच्या अँटेनाच्या काड्या साधारण ७० सेंटिमीटरच्या, खालच्या चॅनेलच्या सव्वादोन मीटरच्या आसपास. एफएमला लागतात १ मीटर ४० सेंटिमीटर. हिशोब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागा, मीटरमध्ये लांबी मिळते.

तर ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. लाकडी पट्टीवर किंवा पीव्हीसी पाइपवर एका रेषेत बसवा, मध्ये दोन बोटं जागा सोडा. केबलची मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नये. मागे ७५ सेंटिमीटरवर दीड मीटरची अखंड काडी लावली तर समोरच्या दिशेने आणखी उचलतं. आडवं लावून बघा, उभं लावून बघा, ज्यात आवाज स्वच्छ तसं ठेवा. सांध्यांवर टेप आणि वर तोंड खाली केलेली बाटली, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी केबलमध्ये उतरतं.

ट्रॅक्टरमधून काढलेला जुना कार स्टिरिओ असेल तर उत्तम, त्याला अँटेनाचं भोक तयारच असतं. साध्या रेडिओला मधली तार दांडीला चिमटा लावून जोडा.

केंद्र फारच लांब आहे आणि बूस्टर चालवायचाच आहे, असं असेल तर व्होल्टेज आधी शोधा. डबीवर लिहिलेलं नसेल तर उघडून बघा. ७८१२ नंबरचा रेग्युलेटर दिसला तर त्याला १५ च्या आसपास द्यावं लागतं. १६ व्होल्टचा कंडेन्सर दिसला तर १२ च्या वर जाऊ नका. मधली तार बहुधा प्लस असते, पण बोर्डावर खात्री करा. सुरुवात ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरने, मध्ये १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टन्स टाकून. मल्टिमीटरने त्या रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज मोजा. २ ते ५ आलं तर बूस्टर २० ते ५० मिलीअँपिअर घेतोय, म्हणजे जिवंत आहे. जवळपास सगळे ९ आले तर कुठेतरी शॉर्ट. शून्य आलं तर जोड सुटलाय, तारा उलट्या लागल्यात किंवा बोर्ड गेलाय.

ॲडॉप्टर थेट केबलला जोडून तीच केबल रेडिओत घालू नका, डीसी रेडिओत शिरते. ॲडॉप्टरचा प्लस १० मायक्रोहेन्रीच्या चोकमधून मधल्या तारेला द्या आणि रेडिओकडे जाताना मध्ये १ नॅनोफॅरडचा, ५० व्होल्टचा कंडेन्सर टाका. हरवलेल्या डब्यात मुख्य सामान हेच असतं. मोबाइल चार्जरच्या जातीचा ॲडॉप्टर खरखर आणतो, जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला बरा. डिश टीव्हीच्या सेटटॉप बॉक्समधून वीज घ्यायची युक्ती काही जण करतात. तो १३ किंवा १८ व्होल्ट देतो, १२ चा बूस्टर १८ वर जळू शकतो.

पाइप उभा करताना विजेच्या तारा बघा. पाइप कुठल्याही बाजूला पडला तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर हवं. सर्व्हिस वायरसुद्धा यात धरा. एकट्याने पाइप उचलू नका. खांब जाड तारेने अर्थ करा, आणि मे-जूनचं आभाळ भरून आलं की केबल रेडिओतून काढून ठेवा. अर्थिंगमुळे थेट पडलेल्या विजेपासून रेडिओ वाचेलच असं नाही.

टीव्हीच हवा असेल तर रिचार्ज संपून पडलेली छत्री शोधा. तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी हाही बूस्टरच, पण त्याला वीज सेटटॉप बॉक्सच देतो, वेगळा डबा लागत नाही. कंपनीचा बॉक्स गेला तरी डीडी फ्री डिशचा बॉक्स चालतो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मराठवाड्यातून छत्रीचा रोख आग्नेयेला आणि उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. छत्री दिसायला मात्र त्यापेक्षा बरीच कमी वर बघते, तिची बनावटच तशी असते, म्हणून नजरेने न लावता बॉक्सवरचा सिग्नल बघत बोटभर-बोटभर फिरवा.