काळी, पांढरी आणि पिवळा पट्टा

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपळी हे गाव आहे. बारामती नगरपरिषदेची हद्द वाढली तेव्हा जळोची, तांदुळवाडी, रुई ही शेजारची गावे शहरात गेली. पिंपळीत अजून ग्रामपंचायत आहे. शहर असे वेशीवर आले की गावागावांत एकच चर्चा सुरू होते : नकाशावरचा हिरवा शेतीपट्टा पिवळा, म्हणजे रहिवासी, होणार का? कोणाला भाव हवा असतो, कोणाला ऊस वाचवायचा असतो. या वादाची मुळे याच परिसरात आहेत आणि ती जवळपास दोनशे वर्षे जुनी आहेत.

गावाचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार मानले गेले : कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. ही विभागणी वहिवाटीची होती. तिला सरकारी मोजणीची रेघ मिळाली ती इंग्रजी अमदानीत. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात बसवलेला सारा शेतकऱ्यांना पेलला नाही. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या, कुळे गाव सोडून गेली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासूनच नवी मोजणी सुरू केली. शेताला नंबर, मातीला प्रत आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. आजचा सातबारा तिचाच वंशज. या मोजणीचा सगळा रोख साऱ्यावर होता. पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाला बाहेरून एक हद्द घातली गेली. आतली घरे कोणी मोजत बसले नाही.

इंदापूरची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये आकारणी वाढली. पुढे कापसाचे भाव कोसळले, कर्जे फुगली आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा पेटला. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याच वर्षी मुंबईचा जमीन महसूल कायदाही आला. त्याच्या ६५ व्या कलमाने शेतजमीन अन्य कामासाठी वापरायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घेणे बंधनकारक केले. ‘एनए’ नावाच्या प्रकरणाचा उगम हा. त्यामागे घरांचा विचार नव्हता; वापर बदलला तर आकारही बदलावा, एवढाच हिशेब होता.

१८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामतीची जिरायत बागायत झाली. तेव्हापासूनचा पेच आजही तसाच आहे. कालव्याचे पाणी आणि रस्त्याची सोय जिथे आहे, ती जमीन पिकालाही सर्वांत चांगली आणि प्लॉटलाही.

स्वातंत्र्यानंतर रेघा वाढत गेल्या. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला. १९६६ मध्ये नवी महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. नकाशाला रंग मिळाले, पण माणसे कायद्याची वाट पाहत थांबली नाहीत. पाच-पाच, दोन-दोन गुंठे विकले गेले, घरे उभी राहिली, सातबाऱ्यावर मात्र नावे चढली नाहीत. मग २००१ चा गुंठेवारी कायदा, २०२१ ची त्याची मुदतवाढ, २०२३ मध्ये बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठ्यांची मर्यादा. आधी घर, मागून नियम, असाच हा क्रम आहे. दरम्यान महसूल संहितेनेही गावठाणापासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीचे रूपांतर सोपे केले.

मोठ्या आराखड्यांचे काय होते, हे पुण्याभोवती दिसले. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला, हरकतींचा पाऊस पडला आणि अखेर तो रद्द झाला. बारामती त्या क्षेत्राबाहेर आहे, पण धडा तिच्याही कामाचा आहे. हरकत कायद्याने कोणालाही घेता येते. प्रत्यक्षात ती घेतो तो ज्याचा गट नंबर नकाशात सापडतो. शेतमजूर, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, वाटण्या होऊन एका खोलीवर आलेले धाकट्या भावाचे कुटुंब यांच्याकडे गट नंबरच नसतो. दाट वस्तीची गरज सर्वांत जास्त त्यांना, आणि वादात ते नसतात.

पट्टा पिवळा झाला की रूपांतर कर सरकारी तिजोरीत जातो. नळ, गटार आणि कचरा ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतो. म्हणून वसाहत महामार्गाच्या कडेने गुंठ्यागुंठ्याने पसरण्यापेक्षा पांढरीला लागून दाट वाढलेली बरी : पाइपलाइन आखूड लागते, बागायत वाचते. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार संहितेच्या १२२ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेने तसा ठराव करून मागणी लावून धरायला हवी, आणि वाढलेल्या जागेत बेघरांचा वाटा किती, हेही त्याच ठरावात लिहायला हवे.

इंदापुरात साखळी टाकली गेली तेव्हा प्रश्न एवढाच होता, की कोणाकडून किती सारा घ्यायचा. आज त्याच रेघेवर कोणी कुठे राहायचे हे ठरते आहे. रंग बदलण्याआधी निदान प्रश्न तरी बदलायला हवा.